हातातलं ठेवते, मग बोलते

"थांब. हातातलं ठेवते, मग बोलते."

आक्का रागवायची ती अशी. आधी हातातली वस्तू खाली जायची. भात वाढायचा डाव असेल तर डाव, तांदूळ पाखडायचं सूप असेल तर सूप. तेही आपटून नाही, झोपलेलं मूल खाली ठेवावं तसं. मग पदर कमरेला खोचला जायचा. त्यानंतर जे बाहेर पडायचं ते ऐकून गणेशगुडीच्या आमच्या लॉजचा मॅनेजर ऑफिसचं दार आतून लावून घ्यायचा.

हातातलं ठेवायचं कशाला, असं मी एकदा विचारलं होतं.

"हातात वस्तू असली की राग तिच्यावर निघतो," ती म्हणाली. "डावानं काय केलंय माझं?"

तिचं नाव मी सांगणार नाही. पण तुम्ही तिला पाहिलं आहे. कौलारू घराचं अंगण, शेकोटीचा उजेड, गुडघ्यापर्यंत लुगडं नेसलेली एक काटकुळी बाई दोन्ही हात झटकत ओरडते आहे, "बियाणं खाल्लंसा! बियाणं खाल्लंसा रे!" मागे ढोलकी वाजते आहे. ती क्लिप तुम्हाला कुणीतरी पाठवली असेल. तुम्ही पुढे पाठवली असेल. हसलाही असाल. हसला असाल तर हे शेवटपर्यंत वाचा, एवढंच माझं म्हणणं आहे.

मी रामनगरची. शाळा बेळगावला, इंग्रजी माध्यमाची. तिथे मराठी बोललं की वर्गाबाहेर उभं करायचे. घरी मराठी चालायचं, पण तोवर गप्प बसायची सवय लागली होती. लॉजच्या रिसेप्शनवर मी बसते. आलेल्या माणसांकडे बघायचं, चाव्या द्यायच्या, मोजकं बोलायचं. हे काम मला जमतं.

आक्का स्वयंपाकघरात होती. कामाला लागल्यावर सुरुवातीला मी माझं ताट घेऊन रिसेप्शनवर जायचे आणि एकटी जेवायचे. एके दुपारी ती मागोमाग आली. हातातलं फडकं टेबलावर घडी करून ठेवलं.

"भिताडाकडं तोंड करून कुत्रं बी जेवत न्हाई, बाय. चल आत."

मी आत गेले. तेव्हापासून तिच्याशेजारी पाटावर बसून जेवायचे. मी बोलत नाही याचा तिला कधी त्रास झाला नाही. दोघींपुरतं ती एकटीच बोलायची.

पाहुण्यांनाही ती सोडायची नाही. बोटीतून नदीवर फिरून आलेलं एक कुटुंब एकदा ताटांत भाताचे ढीग ठेवून उठलं. ती बाहेर आली, डाव खिडकीत ठेवला, पदर खोचला. "काय रं बाबांनो, ह्यो भात आभाळातनं पडला काय?" मॅनेजर पळत आला. पण तोवर त्यातला लहान मुलगा खाली बसून पुन्हा जेवायला लागला होता, आणि मग त्याचे आईवडीलही बसले. निघताना त्या मुलानं तिला वाकून नमस्कार केला. "आता कसं," ती म्हणाली आणि त्याच्या खिशात मूठभर भाजलेले काजू कोंबले.

तिच्या रागाला असं उत्तर मिळायचं. समोरचा ऐकायचा, ओशाळायचा, आणि ती निवळायची.

संध्याकाळी स्वयंपाकघरातला टीव्ही लागायचा. त्यावर ती एक मालिका बघायची. मोठ्या शहरात नोकरी करणारी पाच तरुण मुलंमुली एका घरात भाड्यानं एकत्र राहतात, त्यांची भांडणं, प्रेमं, रुसवे. आक्का त्या पाचही जणांवर घरच्यासारखी चिडायची.

"पाच जणं ऱ्हातात, पण चूल कोण पेटवतं? दाखवतच न्हाईत."

"बाहेरून मागवतात गं, आक्का."

"आणि भांडी? ह्यो चष्मेवाला बघ. परत ताट तसंच टाकून गेला. ह्येला एकदा माझ्या पुढ्यात बसवा."

त्या चष्मेवाल्यावर तिचा फार जीव होता. त्याची नोकरी गेली तो भाग लागला तेव्हा तिनं कांदा चिरायचा थांबवला होता.

म्हणून त्याच मालिकेचे लोक लॉजवर उतरले आणि त्यांना जंगलातलं घर हवं आहे असं कळलं, तेव्हा ती स्वतःहून म्हणाली, "माझं बघा की." कथेत ती पाच मुलं शहराला कंटाळून काही दिवस जंगलातल्या घरात राहायला येणार होती. दिग्दर्शक तरुण होता, सगळ्यांना दादा-ताई म्हणणारा. वाईट माणूस नव्हता. वाईट असता तर मला हे लिहायला सोपं गेलं असतं. तिचं घर बघून तो म्हणाला, "हे इतकं खरं आहे ना!"

मग त्यांनी त्या घरातून जे जे खरं होतं ते बाहेर काढलं. प्लास्टिकच्या घागरी काढल्या. कॅलेंडर काढलं. लेकीचं शिलाई मशीन गोठ्यात गेलं. छपरावरची डिश उतरवली, टीव्ही गोणपाटात गुंडाळला. ओट्यावर कंदील टांगले. तसले कंदील तिच्या वाडीत मी कधी पाहिले नव्हते. आक्का आणि तिची लेक, दोघींच्या झोपायची सोयही गोठ्यात झाली. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, घरात दोघीच.

"माझंच घर, पण मला वळखू येईना," ती हसून म्हणाली. "असू दे. पोरं हायत. ऱ्हातील, जातील."

मला लॉजनं त्यांच्याबरोबर लावून दिलं होतं. वाडीतल्या लोकांचं त्यांना सांगायचं, त्यांचं वाडीला. पहिल्या दिवशी आक्कानं सगळ्यांना जेवायला घातलं. खरा चष्मेवाला जेवला आणि स्वतःचं ताट घासून पालथं घालून आला. आक्काला काय आनंद झाला! "टीव्हीत त्येला उगाच बदनाम करतात," ती मला सांगत राहिली.

आता बियाण्याचं सांगते. त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

जोयड्याच्या डोंगरात घरोघरी कंद लावतात. त्यातला एक कोन. पावसाच्या तोंडावर लावायचा, थंडीत खणून काढायचा. त्यातले उत्तम ते खायचे नाहीत. ते राखेत घोळवून, पेंढ्यात झाकून मागच्या पडवीत ठेवायचे, पुढच्या लावणीसाठी. आक्काचा कोन आतून जांभळा होता, वाडीतल्या बाकीच्यांचा पांढरा. तो तिच्या माहेरचा. तिच्या माणसांत रीत अशी की लेक सासरी निघाली की ओटीत नारळाबरोबर बियाण्याचा एक कोन घालायचा. तिनं तो सासरच्या परसात लावायचा आणि जगवायचा. आणि एकदा दिलेलं बी माहेरी परत मागायला जायचं नाही. मागायला गेली म्हणजे तिच्या हातून बी मेलं. त्या बाईबद्दल मग काय काय बोलतात ते आक्कानं मला सांगितलं होतं, आणि सांगताना आवाज खाली आणला होता.

लेकीचं लग्न वैशाखात ठरलं होतं. तिच्या ओटीत घालायचा कोन पेंढ्याखाली वेगळा ठेवलेला होता, मनगटाएवढा जाड, लाल दोरा बांधलेला.

शूटिंगच्या शेवटच्या दिवशी दिवेलागणीला मी आणि आक्का लॉजवरून जेवणाचे डबे घेऊन वाडीवर गेलो. अंगणात शेकोटी पेटली होती. पाचही जण भोवती बसले होते, कॅमेरा चालू होता. कथेत त्यांना रानातलं काहीतरी भाजून खायचं होतं. त्यासाठी आणलेली रताळी दिग्दर्शकाला आवडली नाहीत म्हणून कुणीतरी घरामागे शोधायला गेलं होतं. हे मला नंतर कळलं. तेव्हा एवढंच दिसलं, की एका मुलीनं निखाऱ्यातून काहीतरी काढून मोडलं आणि ओरडली, "वॉव! कलर बघा!"

आतून जांभळं.

आक्का आधी मागच्या पडवीत गेली. मी मागे गेले. पेंढा इकडेतिकडे पडला होता, खाली एकही कोन उरला नव्हता. राख पायांखाली तुडवली होती. लाल दोरा उंबऱ्याशी होता.

ती पुढे आली. "हातातलं ठेवू दे," ती म्हणाली. कुणालाच नाही. डबा तिनं तुळशीच्या कट्ट्यावर ठेवला. मग चष्मेवाल्यासमोर गेली, त्याच्या हातातला अर्धा खाल्लेला कोन काढून घेतला, वळवून पाहिला, आणि तोही डब्याशेजारी ठेवला. पदर खोचला.

दिग्दर्शकानं हात वर केला. मला वाटलं, थांबवतोय. तो कॅमेरावाल्याला चालू ठेवायला सांगत होता.

ती खूप वेळ बोलली. एकदाही शिवी दिली नाही. तिचं बोलून झालं तेव्हा ती कोन मोडणारी मुलगी खरंच रडत होती आणि चष्मेवाला मान खाली घालून बसला होता. दिग्दर्शक हात जोडून आला.

"मावशी, माफ करा. पण काय बोललात! कमाल. हे सगळं आम्ही टीव्हीवर दाखवणार."

आक्का थबकली. "समदं?"

"सगळं. जसंच्या तसं."

तिनं माझ्याकडे पाहिलं. "बाय, नीट इचार त्यास्नी. समदं दाखवणार व्हय?"

मी विचारलं. तो हो म्हणाला.

तिचा राग तिथे उतरला. तुम्हाला वाटेल, भोळी होती. तशी नव्हती. काही वर्षांमागे वाडीचा रस्ता वाहून गेला होता. तेव्हा एक बातमीवाला माईक घेऊन आला, बायका त्याच्यापुढे बोलल्या, ते टीव्हीवर लागलं आणि नंतर रस्ता झाला. कॅमेऱ्यासमोर सांगितलं की ते कुठेतरी पोचतं आणि कुणाला तरी उत्तर द्यावं लागतं, हे तिनं डोळ्यांनी पाहिलेलं होतं. बातमीचा कॅमेरा वेगळा आणि मालिकेचा वेगळा, हे तिला कुणी सांगायचं? कॅमेरा तर दोन्हींकडे सारखाच दिसतो.

दुसऱ्या दिवशी निघताना त्यांनी रामनगरच्या बाजारातून बटाट्यांचं एक पोतं आणून तिच्या ओट्यावर ठेवलं. भरपाई म्हणून. बटाट्यांचं! कंदाला कंद. तिनं त्या पोत्याची दोरीही सोडली नाही. ते तिथेच राहिलं आणि पुढे त्याला बाहेरून कोंब दिसायला लागले.

वाडीतल्या बायका म्हणाल्या, जांभळ्याचं सोड, आमचा पांढरा घाल ओटीत. ती ऐकेना.

"टीव्हीवर लागू दे. चार माणसं बघतील. त्यास्नी इचारतील, असं का केलंसा म्हणून. मग माझ्या दारात येऊन म्हणतील, चुकलं. तेवढं एक म्हणू दे. मग मी माहेरी जाते. सांगते, माझ्या हातनं न्हाई मेलं, ह्यांनी खाल्लं. समद्यांनी बघितलंय."

म्हणजे तिला साक्ष हवी होती. बाकी काही नाही.

तो भाग लागायच्या दिवशी तिनं सगळ्या वाडीला सांगितलं. तिच्या छपरावरची डिश कुणी परत बसवली नव्हती, म्हणून बायका जीप करून लॉजवर आल्या. जेवणाच्या हॉलमधल्या मोठ्या टीव्हीसमोर खाली बसल्या. मागे खुर्च्यांवर पाहुणे होते. आक्का पुढे, नवं लुगडं नेसून.

शेकोटी दिसली. मुलगी म्हणाली, "वॉव." आणि एकदम आक्काचं तोंड, उघडं, पडदाभर. ढोलकी सुरू झाली. "बियाणं खाल्लंसा!" लगेच चष्मेवाल्याचा दचकलेला चेहरा, तो वेगळा कधीतरी घेतलेला. पुन्हा आक्का. पुन्हा ढोलकी. तिच्या बोलण्याखाली अक्षरं उमटत होती. मराठी मालिकेत, मराठी बाईच्या मराठीखाली, मराठीतच. जणू ती बोलत होती ते आपलं नव्हतंच. तिचं सगळं बोलणं चिमटीएवढं करून टाकलं होतं. शेवटी पाचांतला एक म्हणतो, "काकूंचा नेटवर्क प्रॉब्लेम आहे," आणि सगळे शेकोटीभोवती लोळून हसतात.

मागच्या खुर्च्या हसल्या. वाडीतलीही एक बाई हसली आणि मग तिनं तोंडावर पदर घेतला.

आक्का जाहिराती लागेपर्यंत बघत राहिली. मग माझ्याकडे वळली.

"मी हातातलं ठेवलं, ते कुठं गेलं?"

"ते काढून टाकलं, आक्का."

"का?"

आजही मी यावर विचार करते आणि माझी कानशिलं तापतात. ते ठेवणं दाखवलं असतं तर कुणाला हसता आलं नसतं, म्हणून काढलं. त्यांना नेमकं कळलं होतं कुठे कापायचं.

दिग्दर्शकाचा नंबर माझ्याकडे होता. मी लिहिलं, "ती अभिनय करत नव्हती." उत्तर आलं, "म्हणूनच तर!" पुढे लाल हृदय.

मग क्लिप सुटली आणि पाहुणे तिला शोधत यायला लागले. जेवताना स्वयंपाकघराच्या दारात फोन धरून उभे राहायचे. "मावशी, एकदा म्हणा ना. बियाणं खाल्लंसा!" चांगले शिकलेले, माझ्यासारख्याच शाळांतून आलेले लोक. मॅनेजर, जो पूर्वी दार लावून घ्यायचा, तो आता म्हणाला, "आक्का, दिवसातून एखाद्या वेळी थोडं रागवत जा. गेस्ट खूश होतात."

आक्कानं रागवणं बंद केलं.

तुम्ही तिला ओळखत असता तर हे तुम्हाला किती भयंकर वाटलं असतं! ताटांत भात उरायचा, ती मुकाट्यानं बादलीत लोटायची. मी एकदा मुद्दाम ताट घेऊन रिसेप्शनवर जेवायला बसले. ती दारापर्यंत आली, पाहिलं आणि परत गेली. हातात सतत काहीतरी धरलेलं असायचं, डाव, फडकं, नाहीतर नुसतं झाकण. ते ती खाली ठेवायची नाही.

लग्नाला थोडे दिवस उरले तेव्हा ती कामावर आली नाही. लेक म्हणाली, माहेरी गेलीय. गोव्याच्या हद्दीकडच्या वाडीत, भावाकडे. भाऊ आता नव्हता. वहिनी होती.

त्या आठवड्यात मी घरून परत येत होते. जोयड्याच्या बसस्टँडवर गाडी बदलायला उतरले, तर समोरच्या बसमधून आक्का उतरत होती. डोक्यावर गोणपाटाचं गाठोडं.

"आक्का! मिळालं?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. कितीतरी दिवसांनी नीट पाहिलं.

"थांब. हातातलं ठेवते, मग बोलते."

गाठोडं खाली उतरवायला मी हात लावला. गोणपाट सरकलं. आत राखेत घोळवलेले कोन होते, दोनतीनच.

"वहिनीला म्हटलं, बी संपलं," ती म्हणाली. "का संपलं ते सांगाया लागले. ती म्हणाली, ठाव हाय. फोन काढला. मलाच मी दाखवली. समदं घर गोळा झालं. वहिनी म्हणाली, आदी ह्ये म्हणून दाखव, मग देते."

"मग?"

"म्हटलं." पदराच्या टोकाशी तिची बोटं चाळा करत होती. "हात बी हलवून दाखवलं, तसं. पोरं लई हसली. लेकीची ओटी रिकामी कशी धाडू, बाय?"

मी सरकलेलं गोणपाट परत झाकलं.

तिनं पदर कमरेला खोचला.

आणि ती रागावली. जोयड्याच्या बसस्टँडवर, भर दुपारी. मालिकेवर, त्या ढोलकीवर, वहिनीवर, बटाट्यांवर, फोन धरून दारात उभ्या राहणाऱ्या सगळ्यांवर. मी समोर होते, त्यामुळे माझ्यावरही. कंडक्टर थांबला. चहाच्या टपरीवरची माणसं वळली. त्यातल्या एकानं तिला ओळखलं. "अरे, ही तर ती!" त्यानं फोन वर धरला.

मी कधी कुणाच्या आड आलेली नाही. दुकानातसुद्धा माझी पाळी मी दुसऱ्याला देते. पण मी चार पावलं चालले आणि त्या फोनसमोर उभी राहिले. तो डावीकडे सरकला, मी डावीकडे सरकले. "ओ मॅडम," तो म्हणाला. मी हलले नाही. त्याच्या फोनमध्ये माझा कुडता तेवढा आला असेल.

माझ्या पाठीमागे ती बोलत होती. सगळं बोलली, पहिल्यापासून, त्या दिवशी अंगणात बोलली होती ते आणि त्यानंतर साठलेलं. ते मी शब्दन्‌शब्द ऐकलं आहे. इथे लिहिणार नाही. तुम्ही तिचं एक वाक्य घेतलंत, तेवढं पुरे.

संपल्यावर ती वाकली. "धर गं बाय." एका बाजूनं मी धरलं, गाठोडं उचललं. तिच्या वाडीची जीप भरून उभी होती. मागच्या बाकावर तिला जागा मिळाली. त्या दिवसानंतर ती लॉजवर आलेली नाही. मॅनेजरनं दोनदा निरोप धाडले, एकदाही उत्तर आलं नाही.

जीप निघाली तेव्हा मी हाक मारली. तिनं मान वळवली, पण गाठोडं मांडीवर होतं आणि दोन्ही हात त्यावर घट्ट होते. म्हणजे आता ती काही बोलणार नव्हती.